दोन कॉटना एक फळी

फरीदाबाद,
१२ नोव्हेंबर १९९५

सौ. चंद्रप्रभा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा एसटीडीवर आपण जे बोललो त्याला बोलणं म्हणता येणार नाही. माझ्या मागे रांग, डोळ्यांसमोर पळणारा मीटर, आणि तुझ्या बाजूला फोनवाल्या शेजाऱ्यांचं अख्खं घर कान देऊन बसलेलं. "बरं आहे ना?" "बरं आहे." एवढ्यासाठी थंडीत मार्केटपर्यंत गेलो. त्यापेक्षा पत्र बरं.

अण्णासाहेब वॉकर धरून अंगणापर्यंत जातात हे ऐकून समाधान वाटलं. ऐंशीच्या घरात खुब्याचं हाड मोडून माणूस पुन्हा उभा राहतो, यात लेकीची सेवा आलीच. गणपतीनंतर गेलीस तेव्हा दिवाळीला परत येते म्हणाली होतीस. दिवाळी झाली. मी काही म्हणत नाही, नुसतं लिहितो. आपली प्रणिताही पुण्याच्या होस्टेलवरून तुझ्याकडेच आली, त्यामुळे इथे लक्ष्मीपूजनाला लक्ष्मी आणि मी, दोघेच.

कारखान्यातली बातमी अशी की दुसरी पाळी बंद झाली. जर्मनीहून नवं मशीन आलंय, ते आठ टर्नरांचं काम एकटं करतं आणि चहाच्या सुट्टीला बाहेर जात नाही. आम्हा सुपरवायझरांना अजून कोणी काही बोललेलं नाही, पण ओव्हरटाइम संपला. संध्याकाळी पाच-साडेपाचला घरी येतो आणि काय करावं ते कळत नाही. इतक्या वर्षांत या वेळेला मी आपलं घर पाहिलंच नव्हतं.

काल आतल्या खोलीत बसलो होतो. आपल्या दोन्ही लोखंडी कॉटच्या वर, डोकं टेकतो तिथे, भिंतीवर तेलाचे डाग पडलेत. माझा चांगला ताटलीएवढा, काळपट. तुझा असून नसल्यासारखा. बायका जास्त तेल लावतात अशी माझी समजूत होती. शिवाय चुना सुटलाय, केसांत पिठासारखा पडतो. तू किती वर्षं म्हणतेस, "मला या भिंतीचा कंटाळा आलाय." तर मी ठरवलंय, दोन्ही कॉटना मिळून उशाशी एक लाकडी पाठ करायची. हेडबोर्ड. कीर्तिनगरला एका दुकानात चौकशी केली, भाव ऐकून त्यांचं पाणी पिऊन परत आलो. आता मीच करतो. मशीन ज्या खोक्यातून आलं त्याच्या फळ्या स्टोअरवाले आम्हाला जवळजवळ फुकट देतायत. परदेशी पाइन, दुधासारखं पांढरं, एक गाठ नाही. मशीनने ओव्हरटाइम खाल्ला, निदान त्याचं खोकं तरी मला मिळावं.

कधी येतेस ते कळव, म्हणजे त्या बेताने कामाला लागतो.

हरिदास


मिरज,
२४ नोव्हेंबर १९९५

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुमच्या हातचं एवढं लांब पत्र लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. दुसरी पाळी आधीच बंद व्हायला हवी होती.

कारखान्याचं वाचून काळजी वाटते. जे असेल ते मला सांगा, बाहेरून कळायला नको. थंडी सुरू झाली असेल, तुमचं बिनबाह्यांचं स्वेटर ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर आहे, घालण्याआधी उन्हात टाका. नाहीतर बसमध्ये शेजारचा माणूस उठून जाईल.

भिंतीकडे तुमचं लक्ष गेलं हे काही कमी नाही. तेलाचं विचारलंत म्हणून सांगते. डाग पडायला डोकं तिथे टेकावं लागतं. आपल्याकडे कोणी आलं की एक कॉट बाहेरच्या खोलीत जाते आणि माझं अंथरूण स्वयंपाकघरात पडतं. आणि आपल्याकडे कोणी नसतं कधी? मथुरा, आग्रा, हरिद्वार, कुठेही जायचं असलं तरी महाराष्ट्राची वाट आपल्या दारावरून जाते. तेव्हा माझ्या तेलाची बचत झाली असं समजा.

इथलं म्हणाल तर एक नवीन आहे. गल्लीच्या टोकाला मुलींची शाळा आहे ना, तिथल्या हिंदीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. हेडबाई अण्णांना भेटायला आल्या होत्या, मला म्हणाल्या, दिल्लीकडे राहता, हिंदी येत असेलच. मी बी.ए. आहे हे मीच विसरले होते. सकाळचे तीन तास जाते. मिसेस भाटियांशी गच्चीवर गप्पा मारून कमावलेली माझी हिंदी, पण मुली म्हणतात, "बाई, तुम्ही अगदी टीव्हीतल्यासारखं बोलता." घरी येते तेव्हा अण्णांनी कुकर लावलेला असतो. बसून, काठी शेजारी ठेवून लावतात. भात कधी गिच्च होतो, पण आयता मिळालेला गिच्च भातही गोड लागतो.

कधी येणार ते अण्णांचं पाहून कळवते.

चंद्रप्रभा


फरीदाबाद,
६ डिसेंबर १९९५

सौ. चंद्रप्रभा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शाळेचं वाचून गंमत वाटली. तेवढाच वेळ जातो. तेलाच्या डागाचंही समजलं, म्हणजे तुला उशाशी टेकून बसायची सवयच नाही. तेव्हा तुझ्या बाजूला पाठीला जरा जास्त उतार देतो, टेकायला सोपं जाईल. तुला पाठ सरळ लागते की थोडी मागे, ते कळव. उंची किती हवी तेही. मी गादीपासून दोन फूट धरलीय.

काम झकास चाललंय. फळ्या गच्चीवर नेऊन रंधा मारला. पाइनला असा वास सुटतो की खालून मिसेस भाटिया विचारायला आल्या, "भाईसाब, अगरबत्ती की फैक्ट्री लगा ली क्या?" फळी पाहून म्हणाल्या, "सिरहाना तो बढ़िया बन रहा है. भाभीजी कब आ रही हैं?" मी म्हटलं, बस, आने ही वाली हैं. फळ्यांवर परदेशी खुणा छापल्या होत्या, पाण्यापासून जपा म्हणून छत्री आणि फुटेल म्हणून ग्लास. ते सगळं रंध्याखाली गेलं. पॉलिश मी स्वतःच करणार आहे, लाखदाणा आणि स्पिरिट आणून ठेवलंय.

आता यातली खरी हुशारी ऐक. धाकट्या दिनकरचं कोल्हापूरहून पत्र आलंय. फेब्रुवारीत तो, शुभदा, तिचे आईवडील आणि ऑफिसमधलं एक कुटुंब असे सातजण हरिद्वार-मथुरेला निघालेत. आपल्याकडेच उतरणार. मी म्हटलं, हेडबोर्ड पक्का ठोकला तर कॉट सुट्या कशा करायच्या? म्हणून कॉटच्या पायांना भोकं पाडून बोल्ट बसवले आणि हाताने फिरवता येतील असे कानांचे नट लावले. पान्हा लागत नाही की काही नाही. पाहुणे दारात रिक्षातून उतरेपर्यंत एक कॉट बाहेरच्या खोलीत जाऊ शकते. मी करून पाहिलं. भिंतीचा प्रश्न सुटला आणि पाहुण्यांचाही.

तू जानेवारीअखेर आलीस तर बरं होईल. सातजणांचं मला एकट्याला झेपणार नाही, आणि शुभदाच्या आईला साबुदाणा तुझ्याच हातचा आवडतो.

हरिदास


मिरज,
१७ डिसेंबर १९९५

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचल्यावर लगेच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पोस्टमनच्या हाताला चटका बसला असता.

पाठ सरळ की मागे, उंची किती, उतार किती. दोन पानं भरून विचारलंत. माझी शाळा मात्र "तेवढाच वेळ जातो." तुम्ही माणूस वाईट नाही हो. तेच तर अवघड आहे. दारू नाही, शिवी नाही, पगार हातात आणून देता. तुमच्याबद्दल तक्रार करायची म्हटली तर ऐकणारा मलाच वेड्यात काढेल. म्हणून इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, तुम्हालासुद्धा. भिंतीवर टाकून बोलत राहिले आणि तुम्ही भिंतच धरून बसलात.

दोन कॉट जोडायला कोणीतरी फळी बनवतं. ती झटकन सुटावी म्हणून आधी नट बसवणारे तुम्हीच.

आठवून पाहा. तुमच्या आत्याबाईंची काशी, त्यांचे गंगेचे गडू आठवडाभर आपल्या देवघरात आणि आत्याबाई कॉटवर. तुमच्या मित्राचा मेहुणा करोलबागला शालू घ्यायला आला, शालू मिळेना म्हणून राहिला. मुलाखतीला येणारी मुलं असतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही, ती बिचारी भेदरलेली असतात. पण त्यांच्याबरोबर त्यांचे वडीलही यायला लागले. प्रणिता दहावीला होती तेव्हा ती मिसेस भाटियांच्या जिन्यात बसून अभ्यास करायची, कारण आपल्या दोन्ही खोल्यांत माणसं. मला टायफॉइड झाला होता त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी पुऱ्या तळल्या. पाहुणे तुमचे, पाळीवर तुम्ही, आणि "वहिनी, जरा चहा" ऐकायला मी. लोक म्हणतात, हरिदासचं घर म्हणजे आपली धर्मशाळा. तुम्हाला ते कौतुक वाटतं. धर्मशाळेत राहणाऱ्याला कधी विचारलंय कुणी?

आता खरं सांगते. अण्णा बरे आहेत. काठी घेऊन देवळापर्यंत जाऊन येतात, वर मलाच विचारतात, "तू अजून इथे कशी?" मी त्यांच्यासाठी थांबलेली नाही. इथे मी रोज एकाच जागी झोपते. माझी उशी जिथे काल होती तिथेच आज असते. चाळिशी उलटल्यावर बाई एवढ्यासाठी माहेरी राहते म्हटलं तर लोक हसतील. हसू देत. मी दमलेय हो. नुसती झोपून जाईल अशी ही दमणूक नाही.

कधी येणार विचारू नका. येणार का, तेच मला माहीत नाही. शाळेतल्या बाई परत येणार नाहीत असं दिसतंय, हेडबाई जूनपासून मला कायम घ्यायचं म्हणतात. मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

सातजणांचं तुमचं तुम्ही पाहा. साबुदाणा रात्री भिजवायचा असतो.

चंद्रप्रभा


[पोस्टकार्ड]

फरीदाबाद,
२६ डिसेंबर १९९५

पत्र मिळालं. काय लिहावं ते समजत नाही. लिहितो.

हरिदास


फरीदाबाद,
१९ जानेवारी १९९६

प्रिय चंद्रप्रभा,

तिळगुळाचा डबा पोहोचला. एवढं झाल्यावरही तू तो पाठवलास, म्हणून लिहायचं धाडस करतो. उशीर झाला, कारण आधी करायचं ते करून मग लिहावं असं ठरवलं होतं. आणि ते करायला माझ्यासारख्या माणसाला महिना लागतो.

एका रविवारी दुपारी तुझं अंथरूण स्वयंपाकघरात घातलं आणि आडवा झालो. पाय सिलिंडरला लागतात. डोकं मोरीकडे करावं लागतं. फ्रिज मध्येच घरघरायला लागतो आणि खालची फरशी पाठीत शिरते. मला दुपारी पडल्या पडल्या झोप लागते हे तुला माहीत आहे. ती लागली नाही. वर पाहत पडलो. ओट्याखालच्या भिंतीवर तू कधीतरी छोट्या प्रणिताची उंची मोजून पेन्सिलने खुणा केल्यास, त्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. कुठे मापं घ्यायची बाईने!

मग दिनकरला पत्र लिहिलं. लिहिलं की चंद्रप्रभा इथे नाही, त्यामुळे सोय होणार नाही. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं, आणि पेटीपाशी उभा राहिलो. वाटलं, नाही म्हणायचं तेही तुझ्याच नावावर खपवतोय. ते तिथेच फाडलं. घरी येऊन दुसरं लिहिलं. "आमच्याकडे आता पाहुण्यांना झोपायला जागा नाही. वहिनी असली तरी नसेल. दिल्लीत पहाडगंजला उतरायची सोय होते, पत्ता देतो. स्टेशनवर घ्यायला येईन, तुम्हा सगळ्यांना एक दिवस बाहेर जेवायला नेईन." चारच ओळी होत्या, पण पेटीत टाकताना मी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत तर नाही ना म्हणून.

त्याचं उत्तर आलंय. म्हणतो, "दादा, आईबाबा गेल्यावर तुझं घर तेच आमचं घर समजत होतो. दिल्लीचं पाणी तुलाही लागलं." वाचून जेवण गेलं नाही. मला वाईट म्हणणारं हे पहिलंच पत्र. आजवर चांगला म्हणवून घेत होतो ते कुणाच्या पुऱ्यांवर, हे ध्यानात आलं. यावर जास्त लिहीत नाही, तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

फळी तयार आहे. पॉलिश जरा लाल झालं, पाइनला ते जास्त पिऊन टाकायची खोड आहे. कानांचे नट काढून टाकले. साधे नट घट्ट आवळले आणि बोल्टची टोकं हातोडीने ठोकून चेपली. आता नट फिरत नाही. कॉट सुट्या करायच्या तर बोल्ट कापावे लागतील. उभी नोकरी मशीन दुरुस्तीत गेली, जे जोडायचं ते पुन्हा सोडवता आलंच पाहिजे हा आमचा धर्म. धर्म सोडताना हात जरा अडखळला, पण ठोकले.

कारखान्यात मार्चपर्यंत काही होत नाही म्हणतात. पुढचं मलाही माहीत नाही. कळलं की पहिलं तुला कळवीन.

शाळा सोडून ये असं म्हणत नाही. तू तिथे बाई आहेस आणि इथे कोण होतीस ते तू लिहिलंयस. पण मला करमत नाही, हे मात्र सांगतो. भाजीपोळीसाठी नाही, मिसेस भाटिया रोज काहीतरी पाठवतात आणि खिचडी मला येते. संध्याकाळी घरी येतो, कुलूप काढतो, आणि आज मशीनने काय केलं, कोण काय बोललं, हे सांगायला तू हवीस असं वाटतं. पूर्वी मी काय सांगायचो? काहीच नाही, जेवून झोपायचो. तरी तू हवीस. यापेक्षा चांगलं मला लिहिता येत नाही.

तुझा,
हरिदास


मिरज,
११ फेब्रुवारी १९९६

सप्रेम नमस्कार.

तुमचं पोस्टकार्ड आधी पोस्टमनने वाचलं, मग अण्णांनी, मग मी. अण्णा म्हणाले, "जावयाला शब्द सुचेनात, म्हणजे काहीतरी खरं घडलेलं दिसतंय." पुढचं पाकीट मात्र मी त्यांना दाखवलं नाही.

गेल्या रविवारी दिनकरभावजी आणि शुभदा इथे आले होते. हरिद्वारला जाण्याआधी खास कोल्हापूरहून मिरजेला, तुमची तक्रार घेऊन. भावजी पुन्हा पुन्हा म्हणत होते, "वहिनी, तुम्ही असता तर असं झालं नसतं." मी म्हटलं, "झालं असतं भावजी, त्यांनी विचारूनच लिहिलंय." खोटं बोलले. पण तुमची बाजू घेऊन खोटं बोलायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. जाताना शुभदा ओट्यापाशी आली, हळूच म्हणाली, "वहिनी, आमच्याकडेही गणपतीला असंच असतं हो." मग तिच्यासाठी परत चहा टाकला आणि तिला बसूनच प्यायला लावला. भावजींचा राग पुढच्या गणपतीपर्यंत टिकणार नाही, तुम्ही जेवण टाकू नका.

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. सगळं एकदम माफ झालं असंही समजू नका. एक पत्र चांगलं लिहिणं सोपं, मला माहीत आहे, मी मुलींना तेच शिकवते. पुढचे सातजण दारात उभे राहतील, हातात मिठाईचा पुडा, बरोबर दमलेलं लहान मूल, तेव्हा तुम्ही काय कराल? मलासुद्धा त्या मुलाकडे पाहून दार उघडावंसं वाटेल. भीती मला तुमच्याएवढीच माझीही वाटते. उठून पुऱ्या तळायला लागणारी मीच आहे.

हेडबाईंना जूनचं अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. आठवीच्या मुलींची परीक्षा एप्रिलमध्ये आहे, ती सोडून मी हलणार नाही. पेपर तपासून झाले की येते. तिकडेही शाळा आहेत म्हणे, नव्या सेक्टरांत रोज एक निघते, तुम्हीच मागे सांगितलं होतंत. पाहून ठेवा. पाहून ठेवा, एवढंच म्हणतेय.

आधी माझ्या मनात होतं, पाहुणी म्हणून आठ-दहा दिवस यावं, एकदा सगळं डोळ्यांनी पाहावं, आणि मग काय ते ठरवावं. पण तुम्ही पाहुण्यांना जागा नाही असं भावाला लेखी कळवून बसलात. तेव्हा माझीही ती वाट बंद झाली. घरची म्हणूनच यावं लागेल.

निजामुद्दीनला घ्यायला या. हमाल करा, बॅगा स्वतः उचलू नका. घरी पोहोचल्यावर मला चहा नको, शेजारपाजारच्या गाठीभेटी नकोत, फळी किती गुळगुळीत झाली तेही दुसऱ्या दिवशी दाखवा. मी आंघोळ करून आडवी होणार आहे.

आणि मला झोप लागली की उठवू नका. कोणीही आलं तरी.

तुमची,
चंद्रप्रभा